नखे, रसायने आणि ‘व्यावसायिक’ या शब्दाची पळवाट

जेल पॉलिशमधील एका द्रव्यावर युरोपने बंदी घातली आणि त्याची बातमी जगभर झाली. नखांच्या प्रसाधनांमधला जुना आणि अधिक व्यापक प्रश्न मात्र मेथॅक्रिलेट गटातील रसायनांचा आहे. एखाद्या घटकाचे नाव काळ्या यादीत टाकून तो सुटत नाही, हा गेल्या सत्तर वर्षांचा अनुभव आहे.

१ सप्टेंबर २०२५ पासून युरोपीय संघाच्या सदस्य देशांत ‘टीपीओ’ या लघुनामाने ओळखले जाणारे रसायन सौंदर्यप्रसाधनांत वापरण्यास मनाई झाली. नखांवर लावलेले जेल पॉलिश दिव्याखाली धरले की काही सेकंदांत घट्ट होते. ती क्रिया सुरू करून देणाऱ्या द्रव्यांपैकी टीपीओ हे एक. प्राण्यांवरील प्रयोगांत प्रजननक्षमतेवर विपरीत परिणाम आढळल्यामुळे त्याचे वर्गीकरण बदलले. असे वर्गीकरण एकदा झाले की युरोपच्या कायद्यात प्रसाधनांवरील बंदी जवळजवळ आपोआप येते. उरलेला साठा खपविण्यासाठी दुकानदारांना सवलतीची मुदतही मिळाली नाही. ‘जेल पॉलिशवर बंदी’ अशा थाटाचे मथळे त्या सुमारास झळकले, ते अर्थातच चुकीचे होते. बंदी त्यातील एका घटकावर होती आणि त्याला पर्याय असलेले घटक बाजारात उपलब्ध होते. पॉलिश राहिले, दिवा राहिला, ग्राहकही राहिले.

आणि मूळ दुखणेही राहिले. कारण नखांच्या प्रसाधनांमुळे त्वचारोगतज्ज्ञांकडे जे रुग्ण जातात, त्यांच्या तक्रारींचा टीपीओशी फारसा संबंध नाही. बोटांच्या टोकांना भेगा, नखांभोवती इसब, नख मुळापासून सुटत जाणे, पापण्यांना खाज आणि सूज ही लक्षणे असतात मेथॅक्रिलेटच्या वावड्याची. नखांचे द्रव्य पापणीपर्यंत कसे पोहोचते, हा प्रश्न साहजिक आहे. आपण दिवसभरात कितीदा चेहऱ्याला हात लावतो, हे मोजून पाहिले की त्याचे उत्तर मिळते.

मेथॅक्रिलेट हे नाव अपरिचित असले तरी वस्तू घरातलीच आहे. आजोबांच्या कवळीचा गुलाबी भाग, दुकानांच्या पाट्यांचा पारदर्शक ॲक्रिलिक पत्रा, खुब्याचा किंवा गुडघ्याचा कृत्रिम सांधा हाडात पक्का बसविणारे ‘बोन सिमेंट’ ही सारी एकाच कुळातली. हॅरॉल्ड रिडली या ब्रिटिश नेत्रतज्ज्ञाने १९४९ साली मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात प्रथमच कृत्रिम भिंग बसविले, तेही याच द्रव्याचे होते. विमानाच्या फुटलेल्या काचेचे कण युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले, तरी डोळा त्यांना फारसा विरोध करीत नाही, हे त्याच्या लक्षात आले होते. जे द्रव्य मानवी डोळा निमूटपणे सामावून घेतो ते नखांवर का छळते, याचे उत्तर समजून घेतले नाही तर पुढची सारी चर्चा व्यर्थ ठरेल.

उत्तर असे की, डोळ्यात बसते ते बहुवारिक, म्हणजे पॉलिमर. असंख्य लहान रेणू एकमेकांना साखळीसारखे जोडले जाऊन बनलेला हा घट्ट आणि स्वस्थ पदार्थ आहे. नखांवर लावला जातो तो मात्र एकवारिक, म्हणजे मोनोमर: सुटे, चंचल, चटकन कशालाही चिकटू पाहणारे लहान रेणू. नखावर साखळी तयार होईपर्यंत ते द्रवरूपच असतात. त्वचेवर सांडले तर आत शिरतात, तिथल्या प्रथिनांना चिकटतात आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांना शत्रू म्हणून नोंदवून ठेवते. ही नोंद सहसा पुसली जात नाही. शिवाय साखळी कधीच शंभर टक्के पूर्ण होत नाही. दिवा कमी शक्तीचा असला, थर जाड असला, रंग गडद असल्याने प्रकाश खालपर्यंत गेला नाही किंवा एका कंपनीचे पॉलिश दुसऱ्या कंपनीच्या भलत्याच तरंगलांबीच्या दिव्याखाली धरले, तर वरून टणक दिसणाऱ्या थरात सुटे मोनोमर शिल्लक राहतात. डोळ्याला ‘झाले’ असे वाटते. त्वचेचा हिशेब वेगळा असतो.

आता जरा मागे जाऊ. कृत्रिम नखांची कुळकथा सांगितली जाते ती अशी: फिलाडेल्फियाजवळच्या फ्रेडरिक स्लॅक नावाच्या दंतवैद्याचे काम करताना नख तुटले आणि हाताशी असलेल्या दातांच्या ॲक्रिलिकने त्याने ते डागडुजी करून टाकले. साल १९५४. त्यातून पुढे एक उद्योग उभा राहिला. याच १९५४ साली न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ अलेक्झांडर फिशर यांनी अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला होता. कवळी बनविण्याच्या ॲक्रिलिकमुळे त्वचेला आणि तोंडाच्या आतील आवरणाला ॲलर्जी होते, आणि दोष घट्ट झालेल्या प्लॅस्टिकचा नसून त्याच्या द्रवरूप मोनोमरचा आहे, असे त्यांनी दाखवून दिले. तीन वर्षांनी, १९५७ मध्ये, फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲक्रिलिक नखांमुळे झालेल्या ॲलर्जीचीही नोंद केली. म्हणजे धंदा आणि धोक्याची सूचना यांचा जन्म एकाच वर्षी झाला. सूचना ग्रंथालयात गेली आणि धंदा बाजारात, हा क्रमही नेहमीचाच.

त्या काळच्या नखांत वापरले जाई ते मिथाइल मेथॅक्रिलेट, संक्षेपाने एमएमए. १९७०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारींचा ओघ सुरू झाला: विद्रूप झालेली नखे, इसब. १९७४ मध्ये प्रशासनाने न्यायालयात धाव घेतली. एका उत्पादकाविरुद्ध मनाई हुकूम मिळविला, माल जप्त केला, काही माल कंपन्यांनी स्वतःहून परत घेतला. पुढे अनेक राज्यांनी पार्लरमध्ये एमएमए वापरण्यास मनाई केली. कॅनडाने तर प्रसाधनांतील निषिद्ध द्रव्यांच्या यादीतच त्याला बसविले. मात्र एमएमएवर नाव घेऊन बंदी घालणारा केंद्रीय नियम अमेरिकेत कधीही झालेला नाही, आजही नाही. प्रशासन म्हणते की हे द्रव्य घातक व अपायकारक आहे. आणि तरीही दरवेळी कारवाई सुटी-सुटीच करावी लागते.

एमएमएवरचा राग अनाठायी नव्हता. त्याची नखे फार कडक होतात आणि नैसर्गिक नखाला घट्ट धरून बसतात. ती धरावीत म्हणून खालचे नख कानशीने खरवडून पातळ केले जाते. मग दारात बोट सापडले किंवा डब्याचे झाकण उघडताना जोर बसला की कृत्रिम नख तुटत नाही. खालचे खरे नखच फाटून निघते. ॲसिटोनमध्ये बोटे बुडवून ठेवली तरी ते सुटता सुटत नाही. तरीही ते पुन्हा पुन्हा बाजारात येते, कारण ॲक्रिलिक पत्र्यांसाठी ते प्रचंड प्रमाणावर तयार होते आणि त्यामुळे अतिशय स्वस्त पडते. नाकात झिणझिण्या आणणारा उग्र वास, अवाजवी कमी दर आणि बाटलीवर कोणतेही नाव नसणे, एवढ्या खुणा एकत्र दिसल्या तर ग्राहकाने उठून जावे हे उत्तम.

परंतु या बंदीचा एक अनपेक्षित परिणाम झाला. ‘एमएमए-मुक्त’ ही तीन अक्षरांची आणि एका शेपटाची बिरुदावली सुरक्षिततेचा दाखला म्हणून मिरवू लागली. एमएमएच्या जागी आले इथाइल मेथॅक्रिलेट. अमेरिकेतील प्रसाधन-उद्योगाच्या पैशावर चालणाऱ्या तज्ज्ञ समितीने त्याची तपासणी केली आणि ते सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला. पण तो सशर्त होता. हे द्रव्य ॲलर्जी निर्माण करू शकत असल्याने त्वचेला त्याचा स्पर्श होऊ नये, अशी सूचना वापरासोबत असावी, ही ती अट. निर्वाळा जाहिरातींत राहिला आणि अट कुठे गेली, हे वाचकांना सांगायला नको. दोन्ही रेणू सख्खे भाऊ आहेत. एकाचे वावडे झालेल्याला दुसराही बहुधा सोसत नाही.

यानंतरचा टप्पा जेल पॉलिशचा. त्याबरोबर आले हायड्रॉक्सिइथाइल मेथॅक्रिलेट, ज्याचे प्रचलित लघुनाम आहे ‘हेमा’. (आपल्याकडे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एखादी सालस शेजारीण उभी राहावी, असे हे नाव.) नखाला पॉलिश घट्ट चिकटावे यासाठी ते अतिशय उपयुक्त आहे, आणि ॲलर्जीच्या बाबतीत तितकेच उपद्रवी. युरोपीय आयोगाच्या ग्राहक-सुरक्षेविषयीच्या वैज्ञानिक समितीने २०१८ मध्ये त्यावर मत दिले: ३५ टक्क्यांपर्यंत हेमा असलेले द्रव्य केवळ नखाच्या पृष्ठभागावरच लावले आणि आसपासच्या त्वचेशी संपर्क टाळला, तर ॲलर्जीचा धोका संभवत नाही. पुन्हा तेच ‘तर’! त्याच वर्षी ब्रिटनमधील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने जाहीर इशारा दिला. ब्रिटन व आयर्लंडमधील त्वचारोग विभागांत २०१७ साली ज्यांची ॲलर्जी-चाचणी झाली, त्यांपैकी २.४ टक्के लोकांना मेथॅक्रिलेट गटातील किमान एका द्रव्याचे वावडे निघाले होते, आणि त्यांत ९३ टक्के स्त्रिया होत्या. बहुतेकींना हा त्रास नखांच्या प्रसाधनातून जडला होता. काही जणींनी ते पार्लरमध्ये करून घेतले होते, काहींनी घरीच संच आणून.

यावर युरोपने काढलेला तोडगा मुळातून पाहण्यासारखा आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये झालेल्या आणि जून २०२१ पासून अमलात आलेल्या नियमानुसार हेमा आणि त्याचे एक जोडद्रव्य यांवर बंदी आली नाही. त्यांचा वापर फक्त नखांपुरता आणि फक्त व्यावसायिकांपुरता मर्यादित झाला. बाटलीवर ‘केवळ व्यावसायिक वापरासाठी’ आणि ‘ॲलर्जी होऊ शकते’ ही दोन वाक्ये छापणे सक्तीचे झाले. त्यामागचा तर्क सरळ आहे. प्रशिक्षित हात त्वचेवर थेंब सांडू देणार नाही, योग्य दिवा योग्य वेळ वापरेल. घरी हौसेने लावणारी सोळा वर्षांची मुलगी मात्र हे पाळेलच असे नाही. ग्राहकापुरता हा तर्क पटतो.

प्रश्न आहे तो त्या व्यावसायिक हाताचा. ग्राहक तीन आठवड्यांतून एकदा तासभर बसते. तिच्यासमोर बसलेली कारागीर हेच काम दिवसातून सहा-आठ वेळा, आठवड्यातून सहा दिवस करते. द्रव तिच्या ब्रशवर, टेबलावर, पुसायच्या बोळ्यावर असतो. जुनी नखे कानशीने घासताना उडणाऱ्या धुळीत न जोडले गेलेले मोनोमर असतात आणि ती धूळ तिच्या मानेवर व पापण्यांवर बसते. हातमोजे घातले की झाले, असे वाटेल. पण हे रेणू पातळ रबरी मोज्यातून सहज आरपार जातात. ही गोष्ट अस्थिरोगतज्ज्ञांनी स्वतःच्या अंगावर अनुभवली आहे. बोन सिमेंट हाताने मळणाऱ्या शल्यचिकित्सकांना शस्त्रक्रियेचे मोजे घालूनही इसब होते, असे १९७५ मध्येच प्रसिद्ध झाले होते, आणि त्या नोंदीतही फिशर यांचा सहभाग होता. नायट्राइलचे मोजे तुलनेने बरे, परंतु तेही काही मिनिटांपुरतेच. डाग पडला की लगेच बदलायचे. दिवसाला किती जोड लागतील आणि त्यांचा खर्च कोण उचलेल, हे मालकाला विचारून पाहावे. म्हणजे ‘केवळ व्यावसायिकांसाठी’ या शिक्क्याने धोका नाहीसा होत नाही. तो टेबलाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकतो.

आणि व्यावसायिक म्हणजे तरी कोण? अमेरिकेत बहुतेक राज्यांत नखांचे काम करण्यासाठी ठरावीक तासांचे प्रशिक्षण, परीक्षा आणि परवाना लागतो. तिथल्या २०२२च्या सुधारित प्रसाधन कायद्याने व्यावसायिक उत्पादनांवर तसे स्पष्ट लिहिण्याची सक्ती केली, गंभीर दुष्परिणाम झाल्यास उत्पादकाने पंधरा कामकाजाच्या दिवसांत कळविण्याची अट घातली आणि धोकादायक माल परत घ्यायला लावण्याचा अधिकार प्रथमच प्रशासनाच्या हाती दिला. तोवर १९३८च्या कायद्यावर भागत होते.

आपल्याकडचे चित्र पाहू. मुंबई-पुण्यातच नव्हे तर नाशिक, कोल्हापूर, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) अशा शहरांतही ‘नेल आर्ट’ची दालने उभी राहिली आहेत. लग्नसराईत मेंदीच्या जोडीने नखांचेही काम निघते. घरी येऊन सेवा देणाऱ्या मुली आहेत आणि दिव्यासकट सारा संच ऑनलाइन मागविता येतो. या क्षेत्राला कायदा नाही असे नव्हे. प्रसाधनांसाठी डिसेंबर २०२० मध्ये स्वतंत्र नियमावली आली. त्यानुसार देशात उत्पादन करायचे तर राज्याचा परवाना लागतो, आणि आयात करायची तर केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे नोंदणी. परंतु हा सारा कायदा बाटलीचा आहे, हाताचा नाही. नखांचे काम करण्यासाठी सक्तीचा परवाना वा परीक्षा आपल्याकडे नाही. कौशल्य विकासाचे प्रमाणपत्र मिळते, पण ते घ्यावेच असे बंधन नाही. आठवडाभराचा वर्ग करून किंवा चित्रफिती पाहून कोणीही व्यावसायिक होऊ शकते. युरोपच्या बाटलीवरचे ‘केवळ व्यावसायिक वापरासाठी’ हे वाक्य इथे येईपर्यंत अर्थ गमावून बसते. किंबहुना त्याचा उलटाच उपयोग होतो. ‘प्रोफेशनल’ लिहिलेले म्हणजे अधिक चांगले, अशीच आपल्या ग्राहकाची समजूत असते.

बाटलीच्या कायद्यातही एक बारीक फट आहे. प्रसाधनांच्या वेष्टनावर घटकांची यादी द्यावी, असे नियम सांगतो. मात्र ६० मिलिलिटरपेक्षा कमी द्रवाच्या बाटलीला त्यातून सूट आहे. जुन्या नियमांतली ही सवलत नव्या नियमावलीतही आली. छोट्या बाटलीवर जागा कमी, हे कारण समजण्याजोगे आहे. पण जेल पॉलिशची बाटली असते आठ-दहा किंवा फार तर पंधरा मिलिलिटरची. म्हणजे ज्या वस्तूवर घटकांची नावे असण्याची सर्वाधिक गरज, तिलाच ती न छापण्याची मुभा! चांगल्या कंपन्या ती छापतात. ज्या छापत नाहीत त्यांच्याविषयी बोलायचे झाले, तर आत काय आहे हे ग्राहकाला कळण्याचा मार्ग नाही आणि त्वचारोगतज्ज्ञालाही नाही. ही फट बुजविण्यास नवा कायदा नको, एका दुरुस्तीने काम भागेल. मोठ्या खोक्यावर यादी छापा, बाटलीला पत्रक जोडा, पण नखांच्या प्रसाधनांना ही सूट नको.

उद्योगाचे म्हणणे असे की आता ‘हेमा-मुक्त’ पॉलिश आले आहे, तेव्हा चिंता नको. एमएमएच्या वेळी जे घडले त्याचीच ही पुनरावृत्ती आहे. हेमा काढून त्याजागी हायड्रॉक्सिप्रोपिल मेथॅक्रिलेटसारखे दुसरे भावंड घातले जाते. ज्यांना अद्याप ॲलर्जी नाही त्यांना यातून थोडाफार लाभ होईलही. पण ज्यांना ती जडली आहे त्यांनी ‘मुक्त’ शब्दावर विसंबून पुन्हा नखे रंगविली, तर त्वचा ते भावंडही ओळखते. त्यावर उतारा म्हणून सारे मेथॅक्रिलेटच बंद करा, अशी मागणी करणेही शहाणपणाचे नाही. कवळ्या, भिंगे आणि कृत्रिम सांधे याच द्रव्यावर उभे आहेत आणि लक्षावधी स्त्रिया कोणताही त्रास न होता जेल पॉलिश लावतात, हेही तितकेच खरे आहे. घटकांच्या नावांमागे धावण्याऐवजी, द्रव त्वचेला लागतो की नाही, पूर्ण घट्ट होतो की नाही आणि तो हाताळणाऱ्याच्या नाकातोंडाशी धूळ खेचून घेणारा पंखा आहे की नाही, याची तपासणी व्हायला हवी. ती कारखान्यात होणार नाही, पार्लरमध्ये जाऊनच करावी लागेल. दुकाने व आस्थापनांची नोंदणी आज केली जातेच. नखांचे काम चालणाऱ्या जागी हवा खेचण्याची सोय आणि दिव्याशी जुळणारे पॉलिश या दोन अटी त्या वेळी घालणे अशक्य आहे, असे वाटत नाही.

हे सारे इतक्या गांभीर्याने घेण्याचे कारण नखांपलीकडचे आहे. हेमा हा दातांत भरल्या जाणाऱ्या आधुनिक मिश्रणांच्या चिकटद्रव्यांतला नित्याचा घटक आहे. विशीत पॉलिशमुळे वावडे जडलेल्या मुलीला चाळिशीत दात भरून घ्यायचा असेल, साठीत गुडघा बदलायचा असेल, तर तिच्या डॉक्टरांना हे आधी ठाऊक असायला हवे. काळजी घेतली तर या उपचारांत मार्ग निघतो. माहितीच नसेल तर त्रासाचे कारण भलतीकडेच शोधले जाते. आणि पार्लरमध्ये नखांचे काम करणाऱ्या मुलीच्या बाबतीत तर हातचा रोजगारच सुटतो. तिच्या आजाराला व्यावसायिक आजार म्हणून कोणी नोंदवत नाही, नुकसानभरपाईचा प्रश्नच उद्भवत नाही. कामाची सवय नाही, पाण्याने हात फुटले, उन्हाळा आहे, अशा समजुतीवर ती वर्षभर मलम लावीत राहते आणि शेवटी काम सोडते.

निदान अवघड नाही. पाठीवर संशयित द्रव्यांच्या पट्ट्या चिकटवून दोन दिवसांनी त्या काढायच्या आणि पुढील काही दिवस त्वचा तपासायची, ही ‘पॅच टेस्ट’ मोठ्या शहरांतील त्वचारोग विभागांत होते. मात्र पट्ट्यांत जे द्रव्य ठेवले असेल तेवढेच उत्तर मिळते. अमेरिकेतील संपर्क-त्वचादाहाच्या तज्ज्ञांनी २०१२ साली ॲक्रिलेटना ‘वर्षातील ॲलर्जीकारक’ ठरविले होते आणि युरोपने २०१९ मध्ये सर्व रुग्णांसाठीच्या मूलभूत संचात हेमाचा समावेश केला. त्यामुळे नखांभोवती किंवा पापण्यांवर दोन-तीन आठवडे न हटणारी खाज असेल, तर चाचणीला जाताना आपण जेल किंवा ॲक्रिलिक नखे लावतो, अथवा ती लावण्याचे काम करतो, हे आपणहून सांगावे. शक्य असल्यास बाटलीही सोबत न्यावी, तिच्यावर काही लिहिलेले असले वा नसले तरी. चाचणीचा कागद मिळाल्यावर त्याची एक प्रत दंतवैद्याच्या फायलीत ठेवायला द्यावी.